धरणाचा जमाखर्च



कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावचा पूर्वभाग बागायती केला. आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. परंतु अशा योजनेचे मूल्यमापन केवळ भिजलेल्या एकरांवरून व्हावे काय? ज्याचे नाव तालुक्याने धारण केले ते आंबेगावच घोडनदीवरील डिंभे जलाशयात बुडाले. महादेव कोळ्यांची भातखाचरे गेली. प्रकल्पाचे पाणी मात्र थेट करमाळ्यापर्यंत पोहोचते! पुढे 'शाश्वत' संस्थेच्या साहाय्याने विस्थापितांनी उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर केली, सहकारी तत्त्वावर मासेमारी उभारली. २०१२ साली संस्थेस संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक लाभले. यंदाच्या विद्यार्थी-निधीतील काही वाटा त्या काठच्या मुलांस, ज्ञाती न पाहता, द्यावा, असा ठराव आम्ही सभेपुढे मांडीत आहोत.