उतारवयातली स्मरणशक्ती आणि मूठभर दाणे



परीक्षा जवळ आली की नातवाच्या हातावर भिजवलेले बदाम पडतात. हल्ली त्या बदामांत आजी-आजोबांचाही वाटा असतो. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडलं, की कुणीतरी सांगतंच, "रोज अक्रोड खा, मेंदूला चांगले." या सल्ल्यात तथ्य किती, ते आज पाहू.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न दोन रीतींनी तपासला आहे. पहिली रीत सोपी. लोक काय खातात ते विचारायचं आणि त्यांची स्मरणशक्ती मोजायची. अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातल्या सत्तरीपुढच्या १५,४६७ स्त्रियांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांपैकी काही खाणाऱ्या स्त्रिया न खाणाऱ्यांपेक्षा चाचण्यांत थोड्या सरस ठरल्या. फरक साधारण दोन वर्षांच्या वयाएवढा. पुढे बुद्धीची घसरण मात्र दोन्हीकडे सारख्याच वेगानं झाली. शिवाय, नेमानं बदाम खाणारी बाई बहुधा बऱ्या परिस्थितीतली, तब्येतीला जपणारी असते. मग श्रेय बदामाचं की तिच्या एकंदर राहणीचं?

हे कोडं सोडवायला दुसरी रीत लागते. स्पेनमधलं बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा इथे ६३ ते ७९ वयाची सातशेहून अधिक धडधाकट माणसं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटानं दोन वर्षं रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड खाल्ले, दुसऱ्यानं अक्रोड वर्ज्य केले. २०२० साली निकाल आला. एकंदरीत पाहता दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक पडला नव्हता. बार्सिलोनातल्या मंडळींना थोडा फायदा झाल्यासारखा दिसला. त्यांचं शिक्षण कमी होतं आणि धूम्रपान जास्त. म्हणजे ज्यांना धोका अधिक, त्यांना कदाचित उपयोग होईल. पण हा अजून अंदाजच आहे. या अभ्यासाला पैसा अक्रोड उत्पादकांच्या मंडळाचा होता, तरी निकाल झाकला गेला नाही, हेही नोंदवायला हवं.

मग दाणे खायचे कशाला? रक्तवाहिन्यांसाठी. मेंदूला अखंड रक्तपुरवठा लागतो. बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांतली चरबी बहुतांशी असंपृक्त असते आणि ती वाईट कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत मध्यम वयातलं वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब दोन्ही आहेत. दाण्यांची मदत होत असेल तर ती अशी, आडवाटेनं आणि सावकाश.

त्यासाठी महागडे अक्रोडच हवेत असं नाही. परदेशी अभ्यासांतही शेंगदाणे याच यादीत मोजले जातात. अक्रोडातलं ओमेगा-३ आपल्या जवसात भरपूर आहे. जवस मात्र भाजून कुटूनच खावा, अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो. कवळी असेल तर अख्खे दाणे चावायचा हट्ट नको, ठसका लागून घशात अडकायची भीती असते. दाण्याचं कूट भाजीत, कोशिंबिरीत घाला, जवसाची चटणी भाकरीशी खा.

प्रमाण? दिवसाला साधारण ३० ग्रॅम, म्हणजे छोटी मूठ. तेवढ्यात पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणून चारच्या चहाबरोबर चिवडा-शेव खाऊन वर दाणे नकोत, त्यांच्या जागी दाणे हवेत. खारे दाणे रक्तदाबाला वाईट. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. आणि दाणे निवडून घ्या. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा फेकून द्यावा. काटकसर इथे नको.

शेवटी महत्त्वाचं. नाव पटकन न आठवणं वेगळं आणि रोजचा रस्ता चुकणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं वेगळं. असं दिसलं तर बदामांवर विसंबून महिने घालवू नका. कधी कधी यामागे थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. शाकाहारी मंडळींत बी-१२ बऱ्याचदा कमी असतं आणि दाण्यांत ते नसतंच. साध्या रक्तचाचणीत हे कळतं, त्यावर उपचारही आहेत. तेव्हा दाणे जरूर खा, पण ही तपासणी टाळू नका.