पायाखालची माती
(जीर्णोद्धार सभेत केलेले भाषण)



मातीच्या तपासणीवर पैसे कशाला, असे काहींनी विचारले. विचारणे रास्त आहे, पैसा घामाचा आहे.

ओल्या चिकणमातीवर भार आला की तिच्यातले पाणी हळूहळू निघते, माती दबते आणि वरचे बांधकाम खचते. प्रयोगशाळेत न विस्कटता काढलेला नमुना २० मिलिमीटर उंचीच्या कड्यात बसवतात, खाली-वर सच्छिद्र दगड ठेवतात. भार देऊन २४ तास दबणे मोजायचे, मग भार दुप्पट करायचा. असे आठवडाभर तरी चालते. त्यावरून किती खचेल आणि किती काळ खचत राहील, दोन्ही कळते. थर दुप्पट जाड, तर वेळ चौपट! हे गणित टर्झागी यांनी १९२५ साली मांडले.

इटलीतील पिसाचा मनोरा ११७३ साली सुरू झाला व मऊ मातीमुळे बांधतानाच कलला. सगळा सारखा खचता तर निभावले असते. आपला सभामंडप हलका, शिखर जड; भेग पडलीच तर त्यांच्या सांध्यात पडेल.

म्हणून अहवाल येईपर्यंत शिखराचे काम चढवू नये, अशी विनंती आहे. दगड घडवण्याचे काम तोवर चालू ठेवता येईल.