रक्ताचा वारसा आणि घरांतील मौन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत कुटुंबमेळाव्यापुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं पूर्वजांचें स्मरण करावें व त्यांनीं दिलेल्या वारशाबद्दल देवाचे आभार मानावे, असा आपला रिवाज आहे. श्रद्धा, शेतीवाडी, बोली, घरची रीतभात हें सर्व आपणांस त्यांच्याकडून मिळालें. परंतु रक्ताबरोबर आणखीही एक वारसा येतो, आणि त्यांत क्वचित् रोगाचें बीजही असतें. त्याविषयीं आज बोलणार आहें. कारण या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं या जिल्ह्यांतील एका खेड्यांत, मरणोन्मुख बाईला पवित्र तेलाचा संस्कार देण्यास मी गेलों होतों. तिला स्तनाचा कर्करोग होता. तिची आई व मावशी याच दुखण्यानें गेल्या होत्या. माझा हात धरून ती म्हणाली, "फादर, गावात कोनाले सांगू नका. पोरीचं लगन जुळाचं हाय." मीं वचन दिलें आणि पाळलें. लग्न झालें. बारा वर्षांनीं तीच मुलगी, दोन लेकरांची आई, तोच रोग घेऊन माझ्यापुढें उभी राहिली. आजी कशानें गेली, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें. गांवाला न सांगण्याचें वचन पाळलें, तें योग्यच झालें. परंतु "पोरीला तरी सांग," एवढें त्या आईला म्हणण्याचें मला सुचलें नाहीं.

आपण लपवितों तें लाजेमुळें. जन्मांधाला पाहून शिष्यांनीं प्रभूला विचारलें होतें कीं, हें पाप कोणाचें, त्याचें कीं त्याच्या आईबापांचें? प्रभूनें तो हिशेबच नाकारला. मग आपण तो कां मांडावा?

या वारशाचा नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन मठांतील धर्मगुरूच होते. ब्रनो येथील मठाच्या बागेंत वाटाण्यांवर केलेले प्रयोग त्यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें मांडले. अपत्याला प्रत्येक गुणाचें एक बीज आईकडून व एक बापाकडून मिळतें, हें त्यांतून कळलें. या बीजांस आज जनुकें म्हणतात. १९९४ व १९९५ सालीं शास्त्रज्ञांनीं बीआरसीए-एक व बीआरसीए-दोन हीं जनुकें हुडकून काढलीं. तीं सर्वांच्याच शरीरांत असतात. पेशींतील बिघाड दुरुस्त करण्यास मदत करणें हें त्यांचें काम. त्यांतील एखादें जन्मतः सदोष असेल, तर वयाच्या ८० वर्षांपर्यंत शंभरांपैकीं सुमारें ७० स्त्रियांस स्तनाचा कर्करोग होतो, असें मोठ्या पाहणींत आढळलें आहे. बीजकोशाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. हा दोष प्रत्येक अपत्यांत उतरण्याचा संभव निम्मा. आणि तो बापाकडूनही येतो, हें आपण विसरतों. मात्र भिऊं नका. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकीं असे वंशगत पांच ते दहाच. आणि खर्र्यानें तोंडाला होणारा कर्करोग हा तर वारशाचा नव्हे, सवयीचा आहे!

घरांतील एकानें बोलल्यानें काय होतें, तें पाहा. १८९५ सालीं अमेरिकेंत ॲन आर्बर येथें शिवणकाम करणारी पॉलीन ग्रॉस डॉक्टर वॉर्थिन यांना म्हणाली कीं, माझ्या घरचीं माणसें कर्करोगानें जातात, मीही तशीच जाणार. डॉक्टरांनीं त्या घराण्याची वंशावळ लिहून घेतली व १९१३ सालीं प्रसिद्ध केली. बाई पुढें कर्करोगानेंच वारली. परंतु सुमारें शंभर वर्षांनीं त्या घराण्यांतील दोष नेमका सांपडला. आतां ज्याच्या अंगीं तो आहे त्याला वेळेवर तपासणी करवितां येते. ज्याच्या अंगीं नाहीं त्याची वंशगत भीति सरते.

तर आपण काय करावें? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयांत जाल, तेव्हां घराण्याचा इतिहास डॉक्टरांस आपण होऊन सांगा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत वंशगत कर्करोगाचा सल्ला देण्याची व्यवस्था आहे. तेथें आधीं समजावून सांगतात, मग रक्त घेतात. शक्य तों प्रथम रोग्याची परीक्षा करावी. त्याच्यांत दोष सांपडला तर नातलगांची. दोष आढळणें म्हणजे रोग जडणें नव्हे. न आढळणें म्हणजे अभयपत्र नव्हे. कधीं उत्तर संदिग्धही येतें. ही परीक्षा कोणावर लादूं नये, आणि लहान मुलांची घाई करूं नये.

कोणी विचारील, फादर, धोका टाळण्यासाठीं निरोगी अवयव काढणें पाप नाहीं काय? १९५३ च्या ऑक्टोबरांत बारावे पायस यांनीं मूत्ररोगतज्ज्ञांपुढें निराळ्या कर्करोगाविषयीं बोलतांना सांगितलें कीं, अवयव निरोगी असला, तरी त्याच्या कार्यामुळें सर्व देहास गंभीर धोका असेल व दुसरा उपाय नसेल, तर तो काढणें अयोग्य नव्हे. त्या तत्त्वाला धरून, डॉक्टरांचा सल्ला घेऊन, सदसद्विवेकानें निर्णय करावा.

आपल्या देवळाच्या दप्तरांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी आहेत. तशीच एक वही घरीं ठेवा. कोण, कोणत्या वयांत, कोणत्या दुखण्यानें गेलें, तें लिहा. ती वही चावडीवर वाचण्याची नव्हे, लेकरांच्या हातीं देण्याची आहे. आणि मुलांच्या आईबापांनो, आपलें सांगून टाकणारें एखादें घर सोयरीक घेऊन आलें, तर त्याला माघारीं पाठवूं नका. खरें बोलणाऱ्या घरची मुलगी नाकारली जाते, म्हणूनच दुसऱ्या दहा घरांत आया मरतांना गप्प राहतात.

त्या बाईपाशीं जें मीं बोललों नाहीं, तें आज तुम्हां सर्वांस सांगतों: पोरीला सांगा.