शंभर ग्रॅमचा हिशेब

गेले काही आठवडे तुमच्यापैकी बरेच जण साधारण एकच प्रश्न विचारताय: "फोनवर भरपूर फोटो काढून झाले, आता खरा कॅमेरा घ्यायचाय. छोटाच हवा, पण त्यात सगळं हवं." आजचा भाग त्या 'पण'बद्दल आहे. पैसे बरेच जातात, कुणी हप्त्यावर घेतं, आणि सहा महिन्यांनी कॅमेरा कपाटात पडून असतो. तसं होऊ नये म्हणून आधी थोडा हिशेब करू.

उदाहरण म्हणून सोनी अल्फा ६४०० घेऊ. हा जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. आता जुना आहे, पण म्हणूनच त्याच्या जमेच्या आणि कमी बाजू स्पष्ट दिसतात. बॅटरी आणि कार्ड धरून वजन ४०३ ग्रॅम. मिररलेस म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला, त्यामुळे बॉडी पातळ होते आणि डोळा लावून बघायच्या खिडकीत छोटा स्क्रीन असतो. फोटो काढायच्या आधीच तो उजळ येणार की काळपट, हे दिसतं.

सेन्सर २४ मेगापिक्सेलचा. पण मेगापिक्सेल सोडा, आकार बघा: साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटर. 'एक इंची' म्हणवणारा सेन्सर असतो ११६ चौरस मिलिमीटरचा, आणि बहुतेक फोनमध्ये तेवढाही नसतो. म्हणजे तिपटीहून जास्त क्षेत्रफळ. शिवाय ४२५ फोकस पॉइंट्स, माणसाच्या डोळ्यावर धरून राहणारा फोकस, आणि सेकंदाला ११ फोटो. पळणाऱ्या भाचीचा फोटो हवा असेल तर हे खरंच कामाला येतं.

आता यात काय नाही? सेन्सर हलवून हाताची थरथर सावरणारी स्टॅबिलायझेशनची सोय बॉडीत नाही. बॅटरी लहान आहे. हेडफोनचं भोक नाही. स्क्रीन वरच्या बाजूला उलटतो, म्हणजे वर माइक लावला की स्वतःचा चेहरा दिसायची पंचाईत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनीनेच अल्फा ६६०० आणला. त्यात स्टॅबिलायझेशन आहे, हेडफोनची सोय आहे, मोठी बॅटरी आहे. खिडकीतून बघत काढले तर एका चार्जमध्ये ६४०० चे ३६० फोटो, ६६०० चे ७२०. बरोबर दुप्पट. वजन? ५०३ ग्रॅम. म्हणजे या सगळ्याची किंमत शंभर ग्रॅम आणि वरचे पैसे. गंमत म्हणजे ६४०० मध्ये असलेला छोटा फ्लॅश ६६०० मध्ये नाही. मोठं मॉडेल घेतलं तरी काहीतरी सुटतंच. आम्ही ऑफिसात रोज हेच करतो: मेमरी वाचवली की वेळ जातो, वेळ वाचवला की मेमरी. फुकट काहीच नसतं.

मग शंभर ग्रॅम उचलायचे का? इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरचा माणूस नाही. संध्याकाळी देवळाचा गाभारा, स्थिर वस्तू, कमी उजेड: तिथे ते सोनं आहे. पण ढोल वाजवणाऱ्याचा हात किंवा नाचणारं पोर तुम्ही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या शटरवर टिपलंत, तर फोटो पुसटच येणार. तिथे लागतो जास्त प्रकाश, आणि तो मिळतो लेन्समधून.

६४०० सोबत मिळणारी १६-५० लेन्स फक्त ११६ ग्रॅमची आहे, पण पूर्ण झूम केल्यावर ती एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.४ ची लेन्स तिच्या सोळापट प्रकाश आत घेते. म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटमध्ये जिथे आयएसओ १२८०० लागला असता, तिथे त्याच शटरला ८०० पुरतो. दाणेदार फोटो आणि स्वच्छ फोटो यातला हा फरक आहे. सिग्माची ३० एमएम एफ १.४ लेन्स २६५ ग्रॅमची. आणि सिग्माचीच १६ एमएम एफ १.४? ४०५ ग्रॅम. चक्क बॉडीपेक्षा दोन ग्रॅम जास्त! म्हणून नुसती बॉडी तोलू नका. तुम्हाला जी लेन्स लागणार आहे ती लावून तोला, आणि बजेटही तसंच मांडा.

एक इशारा. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, या दोन्ही कॅमेऱ्यांत कार्डाचा स्लॉट एकच आहे. कार्ड गेलं की दुसऱ्याचं लग्न गेलं, आणि ते परत लागत नाही. स्वतःच्या हौसेसाठी एक स्लॉट पुरतो. पैसे घेऊन काम करायचं तर दोन स्लॉटवाला कॅमेरा बघा, जड असला तरी.

आता गृहपाठ. सॉफ्टवेअर बिघडलं की आम्ही आधी लॉग बघतो. तुमचा लॉग म्हणजे फोनची गॅलरी. गेल्या वर्षभरातले फसलेले, पण डिलीट करवत नाहीत असे वीस फोटो काढा. माणूस हलल्यामुळे फसले असतील तर उघडी लेन्स आणि चांगला फोकस हवा, ६४०० पुरेल. स्थिर जागा अंधारात फसल्या असतील, किंवा चालत चालत व्हिडिओ घेताय, तर ते शंभर ग्रॅम उचला. लांबचं नीट आलं नसेल तर लांब पल्ल्याची लेन्स लागेल, आणि मग 'छोटा कॅमेरा' हा शब्दच विसरा.

आणि वीसही फोटो भर उन्हातले, सहलीतले, ठीकठाक निघाले? मग तुमचा फोन पुरेसा आहे. ते पैसे तिकिटाला वापरा.

माझ्या त्या वीस फोटोंत चौदा आजीचे होते. स्वयंपाकघरातले, सगळे हललेले, कारण ती एका जागी बसतच नाही. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यामुळे माझ्यासाठी उत्तर सोपं होतं: लहान बॉडी, उघडी लेन्स, आणि कॅमेरा कपाटाऐवजी फ्रीजवर, हाताला लागेल असा.

तुमच्या वीस फोटोंत काय निघतंय ते कळवा. भेटू पुढच्या भागात!