पायी चालणाऱ्यांचे अपघात : दैव की दोष?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक आणि उपवर मुलामुलींची नोंदणी हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय. आज मी एक निराळा विषय मांडण्याची अनुज्ञा मागतो. तो प्रत्येक घराच्या उंबरठ्याबाहेरच सुरू होतो. वाहनांमुळे पादचाऱ्यांस होणारे अपघात, हा तो विषय होय.

असा अपघात घडला की आपण 'त्याची वेळ भरली होती' असे म्हणतो. शोकाकुल कुटुंबास धीर देण्यापुरते ते ठीक. परंतु विचार तेथेच थांबता कामा नये. सन २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पाचांमागे सुमारे एक पादचारी होता. वर्षानुवर्षे इतक्या नियमितपणे येणाऱ्या संकटास दैव कसे म्हणावे? त्यास कारणे आहेत. आणि जेथे कारणे असतात तेथे उपायही असतात.

पहिले कारण वेग. येथे थोडे अंकगणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारे १४ मीटर जाते. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे तेवढ्यात १४ मीटर सरले. पुढे थांबण्यास, रस्ता कोरडा असला तरी, जवळजवळ तितकेच अंतर लागते. वेग ३० असेल तर हे सर्व १३-१४ मीटरांत आटोपते. तात्पर्य, ३० च्या वेगाची मोटार जेथे थांबलेली असते, तेथे ५० च्या वेगाची मोटार नुकती ब्रेक लावू लागलेली असते! वेग ५० वरून ६५ वर गेला तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुसरे कारण अंधार. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील जठारवाडीची दिंडी कार्तिकी वारीस चालली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ सायंकाळी भरधाव मोटार दिंडीत शिरली व सात वारकऱ्यांचा अंत झाला. तिन्हीसांजेस चालकाची दृष्टी मंदावते, आणि गडद वस्त्रातील माणूस तर दिसतच नाही. म्हणून रात्री पांढरे वस्त्र व हाती विजेरी असावी. जेथे पदपथ नाही तेथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चालावे. संकट पाठीमागून येण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेले बरे.

तिसरे कारण रस्त्याची रचना. पदपथ मुळातच नसतो, किंवा असला तर त्यावर दुकानाचा माल नाहीतर कुणाची स्कूटर! मग माणूस रस्त्यावर उतरतो, त्यात त्याचा काय अपराध? सिग्नलची वेळ ठरविताना चालण्याची गती सेकंदास सुमारे १.२ मीटर धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १२ मीटरांचा रस्ता १० सेकंदांत ओलांडला जातो. परंतु सेकंदास ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांस १५ सेकंद लागतात. ते उरलेले पाच सेकंद त्यांनी कोणाच्या भरवशावर काढावेत?

आता घरातील गोष्ट. चालणारा आपलाच आणि चालविणाराही आपलाच. सकाळी देवळास पायी जाणारी आजी ज्या घरची, भरधाव मोटारसायकल हाकणारा नातूही त्याच घरचा. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देण्यात काही पालकांस भूषण वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा दुसऱ्याच्या घरातील आक्रोशाचा धाक मोठा असावा.

शेवटी एक विनंती. अपघातग्रस्तास मदत करण्यास कचरू नका. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, मग पुढचे बघा.

आपल्या मुलांना आपण घाई शिकवितो. थोडे थांबणेही शिकवू या. चालकाने चार क्षण थांबावे, म्हणजे कुणाचा तरी पिता, कुणाची तरी कन्या सुखरूप घरी पोचेल.