घरच्या गाडीचे पासिंग

हायब्रीड हा शब्द कोरपन्याला नवा नाही. १९६४ साली संकरित ज्वारी आली, १९७० साली कपाशीचे संकरित वाण आले, तेव्हापासून तो आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी बसला आहे. आता त्याच नावाची मोटारगाडी रस्त्यावर आली आहे. २०२२ साली टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या गाड्या आपल्या देशात विकावयास आल्या, आणि मध्यम ऐपतीच्या कुटुंबालाही अशी गाडी घेण्याचा विचार करता येऊ लागला. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते, आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर व मोठी बॅटरी असते. गाडी चांगली आहे, याबद्दल वाद नाही. परंतु चार वर्षांनी, दहा वर्षांनी ती तितकीच चांगली राहिली आहे की नाही, हे पाहायचे कोणी?

आपण म्हणाल, त्यासाठी आर.टी.ओ. आहे की! पण कायदा काय सांगतो ते पाहा. गडचांदूर-कोरपना धावणारी काळीपिवळी, ट्रक, एस.टी. ही सारी भाड्याची किंवा मालाची वाहने. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्यांना योग्यतेचा दाखला लागतो. आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्यांना पासिंगला जावे लागते. घरच्या गाडीचे तसे नाही. तिची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०२२ साली घेतलेली गाडी वाहन निरीक्षकापुढे पुन्हा उभी राहणार ती २०३७ साली! हायरायडरच्या मोठ्या बॅटरीची कंपनीने दिलेली हमी आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे. हमी संपल्यावर परीक्षेचा दिवस उजाडायला आणखी सात वर्षे!

दुसऱ्या देशांत काय करतात? इंग्लंडात १९६० साली सक्तीची तपासणी सुरू झाली, ती प्रथम दहा वर्षांवरच्या गाड्यांना. १९६७ साली ती मर्यादा तीन वर्षांवर आणली, आणि तेथे आजही तीन वर्षांनंतर दरवर्षी गाडी तपासतात. जपानात नव्या गाडीला पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. त्या तपासण्यांत गाड्या नापास होतात त्या बहुधा कशामुळे, ठाऊक आहे? जळालेला दिवा, झिजलेला टायर, ढिला पडलेला सांधा, कमजोर ब्रेक. गाडी नव्या तऱ्हेची असली म्हणून टायर झिजायचा राहत नाही.

आणि आपल्याकडे तर तो लवकर झिजतो. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने आहेत. भरलेले ट्रक रात्रंदिवस धावतात, रस्त्याला खड्डे पडतात, धूळ हवेतून खाली बसतच नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांत बसतो. अशा मुलखात पंधरा वर्षे तपासणीवाचून गाडी चालवणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे आहे.

हायब्रीड गाडीच्या काही खोडी मात्र निराळ्या आहेत. ब्रेकचेच घ्या. वेग कमी करताना तिची मोटर उलट काम करते. चाकांचा जोर घेऊन वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. त्यामुळे ब्रेकचे पॅड पुष्कळ दिवस टिकतात. मालक खूश होतो. पण जे वापरले जात नाही ते गंजते. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली, की ब्रेकच्या तबकडीवर गंज चढतो, कॅलिपर अडकतो, आणि एका चाकाला ब्रेक लागतो, दुसऱ्याला लागत नाही. रोज चालवणाराला हे कळतही नाही, कारण रोजचे थांबणे मोटरच सांभाळून घेते. जिवतीच्या डोंगरावरून उतरताना बॅटरी भरली, की मोटरला वीज साठवायला जागा उरत नाही. मग त्या गंजलेल्या ब्रेकवर अधिक भार येतो. पॅड किती जाड आहेत एवढेच पाहून समाधान मानू नका. चाक काढून कॅलिपर मोकळा सरकतो का, तेही पाहायला सांगा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. मोठी बॅटरी थंड ठेवण्यासाठी पुष्कळ गाड्यांत आतल्या बाजूने, मागच्या आसनाजवळ हवेची जाळी असते. तेथे कापसाची बोंडे, पिशव्या, घोंगडी टाकली, किंवा धुळीने ती बुजली, की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. जाळी कोठे आहे ते आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहा आणि ती साफ ठेवा. याशिवाय बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. गाडी महिनाभर उभी राहिली की ती उतरते, आणि मोठ्या बॅटरीत वीज असूनही गाडी जागची हलत नाही. रात्री आजाऱ्याला घेऊन राजुऱ्यावरून चंद्रपूर गाठायचे असेल आणि गाडीच जागी होत नसेल, तर केवढ्याला पडेल!

पीयूसीबद्दलही एक सांगतो. हायब्रीडचे इंजिन उभ्या गाडीत आपोआप बंद होते. बंद इंजिनाच्या नळीत धूर यायचा कोठून? म्हणून नळीत काठी घालताना इंजिन खरोखर चालू आहे ना, हे आपण उभे राहून पाहावे. एरवी ती चिठ्ठी म्हणजे नुसता कागद.

नारिंगी रंगाच्या जाड तारांना मात्र हात लावू नये, गावातल्या मिस्त्रीलाही लावू देऊ नये. त्यांतला दाब जीव घेणारा असतो. उंदरांनी तारा कुरतडल्या असे वाटले, तर गाडी तशीच कंपनीच्या कार्यशाळेत दाखवावी.

तेव्हा सरकार पंधरा वर्षांनी बोलावील तेव्हा बोलावो. आपले पासिंग आपण दरवर्षी करावे. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतोच. तिच्या आधीच्या आठवड्यात, पावसाळ्याचा चिखल धुऊन, पाच गोष्टी पाहाव्यात: सगळे दिवे, टायरच्या खाचा (१.६ मिलिमीटरपेक्षा कमी नकोत, खाचेच्या तळाचे उंचवटे टायरच्या पृष्ठाशी येऊन भिडले की टायर संपला), चारही ब्रेक, खालचे सांधे आणि रबरी बुश, छोटी बॅटरी व हवेची जाळी. तारीख आणि किलोमीटर वहीत टिपून ठेवावे. योग्यतेचा दाखला त्या एका दिवसाचा असतो. आपली वही मात्र वर्षानुवर्षांची साक्ष देते, आणि गाडी विकताना घेणाराला तीच अधिक पटते.