निधीइतकीच खबरही हवी



वर्गणी मागावयास उभे राहणारांनीं आधीं आपला हिशेब द्यावा, हें उचित. रुपये-आण्यांचा हिशेब अहवालांत छापिला आहे. जो आंकड्यांत मावत नाहीं तो येथें सांगतों. गेल्या खेपेस आमच्या गाड्या सडकेच्या गांवीं वेळेवर पोंचल्या. डोंगराआडच्या गांवीं पोंचल्या तेव्हां तेथील निम्म्या घरांस कुलपें होतीं. धान्य होतें, पैसाही होता, खबर नव्हती.

यावर मार्ग शोधतांना आम्हांस पुणें सार्वजनिक सभेची १८७६-७७ सालची कामगिरी आठवली. १८७० सालीं निघालेल्या त्या सभेपाशीं ना खजिना होता, ना अधिकार. सार्वजनिक काका जोशी यांचे परिश्रम आणि महादेव गोविंद रानडे यांची दृष्टि, हेंच तिचें भांडवल. पाऊस फसल्यावर तिनें दुष्काळी जिल्ह्यांतून आपल्या माणसांकरवीं माहिती मिळविली आणि तिचीं टिपणें एकामागून एक सरकारकडे धाडिलीं. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरस्कारिलेला मजुरीचा उतरता दर लागू झाला: दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा पक्का शेर. खडी फोडणारास तो कसा पुरावा? मजूर कामें सोडून गेले, आणि त्यांची बाजू सभेनें सरकारपुढें मांडिली. पुढें १८८० च्या दुष्काळ-कमिशनानंतर दुष्काळी कायदे-नियम तयार झाले. १८९६ सालीं सभेच्या माणसांनीं तेच नियम रयतेस समजावून सांगितले, तर १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली! खबर देणारास किंमत मोजावी लागते ती अशी.

यंदा निधीचा दहावा हिस्सा तालुक्याच्या बातमीदारांवर खर्चावा, असा ठराव आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों. दाण्याचा पैसा कागदावर कां, असें कोणी विचारील, विचारावेंच. व्यापारी मंडळींनीं आपल्या पेठेंतील जोंधळ्याचा भाव दर आठवड्यास कळवावा. जमीनदारांनीं विहिरींचें पाणी किती हात उतरलें, किती बिऱ्हाडें हललीं, बैल काय भावानें जात आहेत, तें लिहावें. बैल विकला कीं त्या घरची पुढची पेरणी गेली. ही खबर पंधरा दिवस आधीं आली तर कडब्याची एक गाडी तें घर राखील.

वर्गणी चिटणिसांकडे द्यावी, आणि पहिलें पत्र येत्या बाजाराच्या दिवसापूर्वीं धाडावें, ही विनंती.